पहाटे दहा, दुपारी तीस : स्वेटर न्यायचा कसा आणि ठेवायचा कुठे?

सातची_बस

शिवाजीनगरचं किमान तापमान सध्या दहाच्या आतबाहेर आणि कमाल तीसच्या जवळपास आहे. एकाच दिवसात वीस अंशांचा फरक. मला थंडीबद्दल तक्रार नाही, उलट आवडते. माझं गाऱ्हाणं तिच्या वेळेबद्दल आहे. पुण्यातली थंडी असते कधी, तर पहाटे चार ते सकाळी नऊ. आणि घरातली, रस्त्यावरची सगळी कामं नेमकी त्याच पाच तासांत कोंबलेली. दुपारी बारा वाजता, जेव्हा आंघोळीला, कपडे धुवायला, गाडी चालवायला झकास हवा असते, तेव्हा मी हिंजवडीत एसीखाली स्टोल गुंडाळून बसलेली असते.

सकाळचा क्रम असा. सोलरचा नळ सोडावा तर बादली भरत येते तरी पाणी गारच. गरम यायला लागतं तोवर लेकाची रिक्षा खाली हॉर्न देत असते. रात्री लावलेलं विरजण सकाळी दूधच असतं, वर थोडं आंबूस, म्हणजे चहालाही गेलं. खोबरेल तेलाची बाटली दगड झालेली, तिचं तोंड इतकं अरुंद की चमचा काय, काडीही धड जात नाही. स्कूटर बटणावर चालू होत नाही, किक मारावी लागते, आणि साडी नेसलेल्या दिवशीच मारावी लागते. सिंहगड रोडवरून स्टॉपपर्यंत जाताना बोटं वाकत नाहीत. मग बसमध्ये स्वेटर काढा, ऑफिसात खुर्चीच्या पाठीला लावा, आणि संध्याकाळी निघताना उकडतंय म्हणून तिथेच विसरा. दुसऱ्या दिवशी पहाटे तो हिंजवडीत, मी घरी.

तुमच्याकडे काय चाललंय? उपाय सांगा, नाहीतर निदान तुमचीही रड सांगा.

नळावरचा_इंजिनीअर

सोलरचं सांगतो. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी गरमच असतं. आदल्या दिवशीच्या उन्हात तापलेलं, जाड आवरणाच्या टाकीत रात्रभर राखलेलं. गार असतं ते टाकी आणि तुमचा नळ यांच्यामधल्या पाइपातलं. रात्रभर तो उघड्या भिंतीवर थंडी खात असतो, आणि ते सगळं पाणी बाहेर आल्याशिवाय मागचं गरम पाणी पोचत नाही. तुम्ही खालच्या मजल्यावर असाल तर हाल जास्त. सोसायटी तयार असेल तर पाइपावर आवरण चढवून घ्या, आणि पाणी फिरतं ठेवणारी परतीची लाइन व छोटा पंप बसवा. तयार नसेल तर पहिली बादली फरशी पुसायला ठेवा, ओतून देऊ नका.

दुसरी गोष्ट कुणी लक्षात घेत नाही. संध्याकाळी सातनंतर जे वरच्या टाकीचं गरम पाणी वापरतात ते सकाळच्यांच्या वाट्याचं वापरतात. तेवढंच गार पाणी टाकीत शिरतं आणि रात्री ऊन नसतं.

गिझरवाल्यांसाठी साधा हिशेब. १५ लिटर, २ किलोवॉटचा गिझर. मे महिन्यात टाकीचं पाणी २८ अंशांवर धरलं तर ५० पर्यंत न्यायला अकरा-बारा मिनिटं. जानेवारीत तेच पाणी १८ वर असेल तर सतरा मिनिटं. गिझर बिघडलेला नसतो, त्याला फक्त दीडपट वेळ हवा असतो. 'आमचा गिझर थंडीत तापतच नाही' म्हणून मेकॅनिक बोलावण्याआधी घड्याळ बघा.

सातची_बस

संध्याकाळी सातनंतरचं वाचून आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांची आठवण झाली. रोज रात्री जेवणाआधी आंघोळ. त्यांना सांगणार कोण? सोसायटीच्या सभेत हा विषय काढला तर पार्किंगचा निघतो आणि मग रात्रीचे अकरा.

खडवलीकर

आमच्याकडे कल्याण-कसारा पट्ट्यात थंडी म्हणजे धुकं. भातसेचं पाणी, आजूबाजूला शेतं, त्यामुळे खडवली, वाशिंद, आसनगावला सकाळी समोरचा सिग्नल दिसत नाही. मोटरमन गाडी जपून आणतो, ते योग्यच आहे. पण आसनगावला पडलेली पंधरा मिनिटं कल्याणला पंचवीस होतात, कारण तिथे मागून येणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्या असतात. त्या उत्तरेतल्या धुक्यात आधीच तासन्‌तास अडकून आलेल्या. त्यांना वाट दिली की आम्ही बाजूला उभे.

स्वेटरबद्दल म्हणाल तर पुणेकरांना निदान खुर्ची मिळते त्याला अडकवायला. मी खडवलीला चढतो तेव्हा दारात वारा असा लागतो की कान दुखतात. टिटवाळ्याला गर्दी, कल्याणला चेंगराचेंगरी, ठाण्याला स्वेटरच्या आत घाम. काढायचा तर हात वर करायला जागा नाही. दादरला उतरावं तर भट्टी. दुपारी मुंबईत डिसेंबर-जानेवारीतही ३४-३५ अंश होतात, कारण जमिनीवरून येणारा पूर्वेचा वारा जोरात असला की समुद्राचा वारा उशिरा आत शिरतो. सकाळी कानटोपी आणि दुपारी ताक, असला हिवाळा आहे आमचा.

आमच्या डब्यात एक काका वर्षानुवर्षं स्वेटर उलटा घालतात, बटणं पाठीवर. म्हणतात छातीला वारा लागत नाही आणि काढताना मागच्याने बटणं सोडली की झालं. मागच्याशी ओळख पाहिजे फक्त.

मोठीआई

विरजणाचं मी सांगते. दही लावणारे जिवाणू चाळिशीच्या आसपासच्या उबेत नीट काम करतात. रात्री ओट्यावर पंधरा-सोळा अंशांत भांडं ठेवलंस तर ते बिचारे काय करतील? दूध उन्हाळ्यापेक्षा थोडं जास्त कोमट घे, बोट ठेवलं तर सहन होईल पण जाणवेल इतकं. विरजण दुपटीने घाल आणि चांगलं घुसळून घाल. मग झाकण लावून भांडं पोळ्यांच्या डब्यात, म्हणजे तुम्ही कॅसरोल म्हणता त्यात, ठेव आणि वरून जुनी शाल गुंडाळ. माझी सासू गव्हाच्या कोठीत पुरून ठेवायची. धान्य ऊब धरून ठेवतं. आता कोठ्या राहिल्या नाहीत, पाच किलोच्या पिशवीत काय पुरणार?

आणि रात्री दहाला लावून सहाला दही माग नकोस. संध्याकाळी सातलाच लाव.

डोशाच्या पिठाचंही तेच. प्रेशर कुकरमध्ये तळाला कडकडीत पाणी घाल, त्यावर पिठाचं भांडं, शिट्टी न लावता झाकण. सकाळी फुगलेलं असतं. मीठ आधी की नंतर यावर इथे भांडण सुरू करू नका, मागच्या वर्षीचं अजून मिटलेलं नाही.

हळदीचं_दूध

मीठ नंतरच. (पळते आता.)

इतवारीवाला

काय बाप्पा, दहा अंशाले थंडी म्हणता तुम्ही पुणेकर? नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला ३.५ अंश होतं. तेव्हा मी सकाळी सहाच्या पाळीला गाडीवर गेलो होतो. हातमोज्यात हातमोजे, आणि जॅकेटच्या आत छातीले घडी करून वर्तमानपत्र. हसू नका, कागदातून वारा जात नाही. स्कूटरवाल्यांचा यापेक्षा सोपा उपाय नाही. ऑफिसात पोचलं की काढायचा आणि वाचायचा.

स्वेटर मात्र तिबेटी लोकांकडूनच घेतो. दर हिवाळ्यात त्यांची दुकानं लागतात आमच्याकडे. पुष्कळांना वाटते हे लोक नेपाळातून येतात. त्यांच्यातले कित्येक आपलेच आहेत, गोंदिया जिल्ह्यात नोरग्येलिंग वसाहत आहे त्यांची. हिंदी तर बोलतातच, काही जण मराठीही बोलतात. भाव मात्र कमी करत नाहीत.

मेपलचं_माहेर

टोरांटोहून लिहितेय. इथे आज बाहेर उणे बारा. तरी सांगते, मला आयुष्यातली सगळ्यात जास्त थंडी पुण्यात माहेरी वाजते. इथे घरात २१ अंश असतात. भाड्याचं घर असलं तरी थंडीच्या महिन्यांत घरमालकाने तेवढी ऊब राखायची, असा शहराचा नियमच आहे. मी घरात हाफ बाह्यांत वावरते. थंडी भेटते ती दार ते गाडी एवढीच, आणि तिच्यासाठी दाराशीच कोट, टोपी, बूट लटकवायला जागा असते. ऑफिसातही असते. कोटाचं काय करायचं हा प्रश्न इथे कुणाला पडतच नाही.

माहेरी बाहेर अकरा तर घरातही सकाळी सतरा-अठरा. खिडक्यांच्या सरकत्या काचांमध्ये फट, फरशी बर्फ, बाथरूमची खिडकी कायमची उघडी. आपली घरं उन्हाळा डोळ्यांपुढे ठेवून बांधलेली आहेत. वारा आत यावा, फरशी गार राहावी. ते चुकीचंही नाही, वर्षातले नऊ-दहा महिने तेच हवं असतं. आईला हीटर घेऊन दिला तर ती म्हणते, दोन महिन्यांसाठी कशाला, आणि त्याने त्वचा कोरडी पडते. मग सगळे स्वयंपाकघरात ओट्याशी घोळका करून उभे राहतात आणि ती म्हणते, मला काम करू द्या.

ढगवेडा

थोडं हवेबद्दल. उत्तरेत पश्चिमी विक्षोभ (पश्चिमेकडून येणारा पाऊस-बर्फाचा पट्टा) येऊन गेला, हिमालयात बर्फ पडलं, की त्यामागून कोरडे गार वारे खाली उतरतात. पण नुसत्या वाऱ्याने पुणे दहावर येत नाही. लागतं ते निरभ्र आकाश. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता वर सोडते, ढग असले की ती अडते, नसले की निसटते. म्हणून दुपारी कडक ऊन आणि पहाटे कडाका हे एकाच कारणाने होतं. धागाकर्तीचे वीस अंश तिथूनच येतात. कोरडी हवा झटपट तापते, झटपट गार होते.

शिवाय 'पुण्याचं तापमान' असं काही नसतं. गार हवा जड, ती सखल भागात साचते. एकाच पहाटे पाषाण, एनडीए किंवा हवेलीच्या बाजूला नऊ-दहा असतं, तेव्हा मगरपट्टा, वडगाव शेरीला पंधरा-सोळा असू शकतं. नदीकाठच्या रस्त्याने गाडी चालवताना पुलाजवळ एकदम गारवा लागतो, तो भास नव्हे.

जाता जाता. शिवाजीनगरला ज्याला आपण सिमला ऑफिस म्हणतो ते नाव हवामान खात्यामुळेच पडलं. १९२८ मध्ये खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्यात आलं. पुढे ते दिल्लीला गेलं, नाव राहिलं. इथलीच नोंद आहे, १७ जानेवारी १९३५ ला १.७ अंश. तेव्हा ना गिझर होते ना सोलर. बंबात लाकडं घालून पाणी तापवायचे.

मोठीआई

बंबाचं पाणी तापायला अर्धा तास लागायचा आणि धूर घरभर. पण त्याच्याभोवती शेकत बसायला मिळायचं. मात्र पहाटे चारला उठून तो पेटवणारी बाईच असायची, हेही लिहा कुणीतरी.

दुसरीची_आई

शाळेचं कुणीच बोललं नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत शासनाने सांगितलं की पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, मुलांची झोप होत नाही. मी पेढे वाटायचे बाकी ठेवले होते. आमच्या शाळेने पालकांची सभा घेतली. निम्म्या पालकांनीच विरोध केला, कारण नऊला सोडायचं तर त्यांना ऑफिस गाठता येत नाही. बसचंही दोन पाळ्यांचं गणित होतं. अखेर शाळा होती त्याच वेळेला राहिली. लेक पावणेसातला काळोखात उभी असते, कानटोपी भुवयांपर्यंत, वर युनिफॉर्मचा स्वेटर. तो शाळेचाच हवा, आणि इतका पातळ की आरपार दिसतं. आत थर्मल घालते. दुपारी ते घामाने ओलं होऊन येतं.

मला वाटलं होतं २२ डिसेंबरनंतर दिवस मोठा होतो म्हणजे सकाळी उजेड लवकर येईल. उलटच दिसतंय. जानेवारीत जास्त अंधार. हे काय प्रकरण आहे?

ढगवेडा

बरोबर दिसतंय तुम्हाला. दिवस मोठा होतो तो आधी संध्याकाळच्या टोकाने. या काळात सूर्याची माध्यान्ह घड्याळात रोज थोडी पुढे सरकत असते, त्यामुळे सूर्योदय आणि सूर्यास्त दोन्ही उशिरा होत जातात. पुण्यात सर्वात उशिराचा सूर्योदय जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात होतो, साधारण सात वाजून दहा मिनिटांनी. म्हणजे संक्रांत झाल्यावरही काही दिवस तुमची लेक अंधारातच. फेब्रुवारी लागला की फरक कळेल.

दुसरीची_आई

म्हणजे अजून महिनाभर. बरं.

नवा_भाडेकरू

आमच्या फ्लॅटला सोलर नाही, गिझर जुना आहे. मालक म्हणतो गॅस गिझर लाव, लगेच गरम पाणी, वीजबिल नाही. बाथरूमला छोटी खिडकी आहे, पण थंडीत आम्ही ती बंदच ठेवतो. घेऊ का?

नळावरचा_इंजिनीअर

नको. कृपा करून नको. गॅस जळताना हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला नुसती गुंगी येते आणि तो दार उघडायच्या आत खाली पडतो. दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात, त्या थंडीतच येतात, कारण तुम्ही म्हणताय तेच होतं, लोक खिडकी बंद करतात. लावायचाच असेल तर बाथरूमच्या बाहेर, उघड्या गॅलरीत, आणि फक्त पाण्याचा पाइप आत. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपणाऱ्यांनाही हेच लागू.

मालकाला म्हणावं, साधा १५ लिटरचा आयएसआय शिक्क्याचा विजेचा गिझर दे. एका वेळच्या तापवण्याला अर्ध्या युनिटच्या थोडी वर वीज जाते. तेवढी परवडते.

नवा_भाडेकरू

धन्यवाद. खिडकी उघडली आहे आत्ताच, गिझर नसतानाही.

द्राक्षमळा

निफाडहून. तुम्ही सगळे सकाळी सहाला उठायचं रडताय म्हणून लिहितो. आमच्या फीडरला, म्हणजे गावाकडे येणाऱ्या विजेच्या लाइनला, शेतीची वीज आठवडाभर दिवसा, आठवडाभर रात्री. रात्रीच्या पाळीत दीड-दोनला वीज येते. कांद्याला, गव्हाला पाणी भरायचं तर तेव्हाच. बॅटरी, काठी, गमबूट, वर घोंगडी. आमच्या बाजूला कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा मोजतात, टीव्हीवर 'निफाड गारठले' येतं ते तिथलंच. तिथे पाच-सहा अंश असताना मी गुडघाभर गार वाफ्यात उभा असतो. विहिरीचं पाणी त्या मानाने कोमट असतं, पायाला बरं वाटतं. पाय बाहेर काढल्यावर खरी थंडी. आणि शेजारी ऊस असला की बिबट्याची धास्ती. एकट्याने जात नाही कुणी, मोबाइलवर मोठ्याने गाणी लावून जातो.

द्राक्षाचं वेगळंच. पारा फार उतरला की मण्यांची वाढ थांबते, आणि मणी तडकले की व्यापारी बागेत पाऊल ठेवत नाही. म्हणून पहाटे बागेच्या कडेने शेकोट्या पेटवून धूर करायचा, ठिबक चालू ठेवायचं. विहिरीच्या कोमट पाण्याने जमिनीलगतची हवा थोडी सावरते. दिवसा विजेचं आश्वासन सौर प्रकल्पांवर आलंय, काही गावांत मिळतेही. आमची वाट बघणं चालू आहे.

सातची_बस

द्राक्षमळा, मी माझ्या किकचं गाऱ्हाणं मागे घेत नाही, पण त्याचा आवाज कमी करते. घरून निघून शेतात पोचायला किती लागतं तुम्हाला?

द्राक्षमळा

पायी पंधरा मिनिटं. ट्रॅफिक नाही. कुत्री असतात.

हळदीचं_दूध

कपडे! कपड्यांचं कसं कुणी बोललं नाही? आमची गॅलरी उत्तरेला. पावसाळ्यात वाळत नाहीत ते समजू शकते, पण स्वच्छ ऊन असताना जीन्स दोन दिवस ओली? समोरच्या बिल्डिंगीतल्या दक्षिणेच्या गॅलरीत मात्र ऊन घरात शिरून सोफ्यापर्यंत जातं.

ढगवेडा

हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला असतो. डिसेंबरच्या शेवटी पुण्यात भर दुपारीसुद्धा तो क्षितिजापासून जेमतेम ४८ अंश वर येतो. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीत ऊन खोलवर जातं आणि उत्तरेच्या गॅलरीत चार महिने जातच नाही. हवा कोरडी आहे, वारा लागेल असे विरळ टांगा, जीन्स उलटी करून. नाहीतर गच्ची.

हळदीचं_दूध

गच्चीवर सोलरच्या नळ्या आहेत, जागाच नाही. तरी नळाला गार पाणी.

मोठीआई

स्वेटर कुठे ठेवायचा ते मूळ राहिलंच. अगं, एक जुना ऑफिसात कायमचा ठेव आणि एक घरी. दोन स्वेटर असणं पाप नाही. आणि भोगीला भाजी करणार असशील तर पावटा, हरभरा, गाजर, वांगी, बोरं, उसाचे करवे, सगळं आदल्या दिवशी आणून ठेव. भोगीच्या सकाळी भाजीवाला दुप्पट सांगतो.

इतवारीवाला

बोरं भाजीत? बाप्पा!

मोठीआई

बोरं भाजीत. तिळाचा कूट, शेंगदाण्याचा कूट, गोडा मसाला, आणि बरोबर तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वर लोणी. खाऊन बघ, मग बोल.

द्राक्षमळा

आज आभाळ आलंय इकडे. पारा एकदम तेराच्या वर. तुमच्याकडेही येईल उद्यापर्यंत, सोलर थोडं कमी तापेल पण सकाळ ऊबदार जाईल, मजा करा. आम्हाला मात्र ढगाळ हवा म्हणजे भुरी, द्राक्षावरचा बुरशीचा रोग. औषधं आणायला पिंपळगावला निघालोय, सगळेच निघालेत, दुकानात रांग असणार.

खडवलीकर

इकडे आज धुकं अजिबात नव्हतं. लोकल बावीस मिनिटं उशिरा. कारण सांगितलं नाही.